दोघींची हजेरी

टेबलावर अंथरायचं पांढरं कापड दोन्ही हातांवर आडवं धरून इस्त्रीवाली चर्चच्या मागच्या दारात उभी होती, आणि आतल्या खोलीत तिच्याच नावावरून भांडण चाललं होतं. आत जावं तर पंचाईत, परत फिरावं तर कापडाची घडी मोडणार. म्हणून ती उभी राहिली. कान काही दाराबाहेर काढून ठेवता येत नाहीत.

"गेल्या दोन्ही वेळा तिच्या नावाला तुम्ही 'हजर' म्हणालात," पाळकसाहेब म्हणत होते.

"म्हणाले," शिंपीण म्हणाली.

"बाई, ती तिथे नव्हती."

"नव्हतीच. मला काय डोळे नाहीत?"

"मग हे खोटं बोलणं झालं. तेही प्रभुभोजनाच्या टेबलासमोर."

"त्या लुळ्या माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून नेलं, छप्पर उचकटून प्रभूपुढे सोडलं. तेव्हा त्याला कुणी विचारलं का, बाबा रे, तू आपल्या पायांनी आलास का?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी एवढीच की तिथे छपराचं नुकसान झालं. तुमचं छप्पर तर शाबूत आहे."

पाळकसाहेब म्हणाले, "मग आणा ना तिला उचलून."

"आणतेय. खाट जड आहे, वेळ लागेल."

त्या मंडळीचा नियम जुना होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी घराघराप्रमाणे नावं वाचायची, ज्याने त्याने हजर म्हणायचं. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही आणि कारणही कळलं नाही, तर नाव वहीतून जायचं. आजाऱ्याला सूट होती. पण इस्त्रीवाली आजारी नव्हती. रोज वीस घरांचे कपडे ती ठणठणीत हातांनी करत होती.

तिचा नवरा खोकून खोकून गेला, त्यानंतर तिने चर्चची पायरी चढणं सोडलं. नवरा गेला तेव्हा मंडळीतले सगळे आले. जो तो बायबलातलं एकेक वचन ऐकवून गेला, कुणी दोनही ऐकवली. घरात वचनांची रास लागली आणि कोपऱ्यात लोकांच्या कपड्यांची. शिंपीण आली, तिने पदर खोचला, तांब्या घेतला आणि कपड्यांवर पाणी शिंपडून एकेकाची वळकटी करून ठेवायला बसली. जाताना म्हणाली, "निळा सदरा वेगळा ठेवलाय, रंग जातोय त्याचा." एवढंच तिचं सांत्वन.

देवाशी बोलणं बंद झालं, तरी टेबलाचं कापड दर शनिवारी वेळेवर पोचत होतं. भांडण देवाशी होतं, कापडाशी नव्हतं.

त्या शनिवारी इस्त्रीवालीने आतली बोलणी थांबेपर्यंत दम धरला, कापड ठेवलं आणि संध्याकाळी शिंपिणीला गाठलं.

"माझ्या नावाने तोंड उघडायला तुला कुणी सांगितलं?"

"माझं तोंड उघडंच असतं. मधून तुझं नाव गेलं तर काय बिघडलं?"

"खोडू देत की नाव. मला काय त्याचं?"

"तुला नसेल. माझ्या शेजारची ओळ रिकामी राहील, ते मला नाही चालणार."

शेवटी पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. शिंपीण उत्तर देईल तोवर त्या नावापुढे बरोबरची खूण नाही की फुली नाही, पेन्सिलीचा एक ठिपका. मंडळीच्या पंचांनी नाकं मुरडली, पण ठिपक्यावर बोट ठेवणारा नियम कुणाला सापडला नाही.

हे अडीच वर्षं चाललं. शिंपीण रोज दुपारी हाताची शिलाई घेऊन इस्त्रीच्या टेबलाजवळ येऊन बसायची. सोमवारी आदल्या दिवशीचा उपदेश सांगायची, आणि सांगायची तो असा की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. एकदा तिने नोहाला माशाच्या पोटात घातलं.

"माशाच्या पोटात योना होता," इस्त्रीवाली मान वर न करता म्हणाली.

"मग नोहा कुठे होता?"

"तारवात. सगळी जनावरं घेऊन."

"पाण्यातच होता ना? मग झालं तर."

ती मुद्दाम चुकायची की खरंच विसरायची, हे इस्त्रीवालीला कधी कळलं नाही. चुका दुरुस्त करता करता बोलणं मात्र व्हायचं. कधी नवऱ्याचंही व्हायचं.

मग एका गुरुवारी पडदे लावताना शिंपीण स्टुलावरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं. पहिला रविवार तीन दिवसांवर होता. दवाखान्यात ती हजेरीबद्दल चकार शब्द बोलली नाही. शिलाई मशीनवर कापड झाकायला सांगितलं आणि डोळे मिटले.

शनिवारी रात्रभर इस्त्रीवालीचा डोळ्याला डोळा लागला नाही. शिंपिणीला सूट मिळणार, तिचं नाव कुठे जात नव्हतं. तीन महिन्यांत जाणार होतं ते आपलं, कारण उत्तर देणारीच खाटेवर. तेही जाऊ दे. पण तीस वर्षं जिचं नाव कधी उत्तरावाचून गेलं नाही, तिच्या नावावर उद्या सगळे गप्प बसणार, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

ती गेली. शेवटच्या बाकावर बसली. वाचता वाचता पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं आणि तिने, दुसरं कुणीतरी उत्तर देईल म्हणून, वाट पाहिली. सगळ्यांनी वळून पाहिलं. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला. पुढच्या बाकावर कुणी फिसकन हसलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"हजर," ती म्हणाली. आवाज कांजी जास्त झालेल्या कॉलरसारखा कडक निघाला.

पुढचं नाव शिंपिणीचं.

"हजर."

"त्या दवाखान्यात आहेत," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. पण खाट जड आहे, साहेब."

पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेन्सिल शोधली आणि ठिपका दिला.

त्या दिवशी प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक तिच्यापुढून तसंच गेलं. पुढच्या महिन्यातही गेलं. तिसऱ्या महिन्यात तिने हात पुढे केला. का, ते कुणाला सांगितलं नाही, शिंपिणीलाही नाही.

शिंपीण काठी घेऊन चालायला लागली, पण चर्चच्या पायऱ्या तिला पुन्हा चढता आल्या नाहीत. पुढची अकरा वर्षं उपासना संपली की इस्त्रीवाली सरळ तिच्याकडे जायची आणि सगळं सांगायची.

शेवटच्या वेळी गेली तीही अशीच. ही तिची शेवटची खेप आहे हे दोघींना ठाऊक नव्हतं. जिना चढताना धाप लागली म्हणून मधल्या पायरीवर जरा टेकली, एवढंच. धुऊन इस्त्री केलेल्या दोन चादरी कपाटात ठेवल्या. उन्हाकडचा पडदा ओढला. पाण्याचा तांब्या शिंपिणीच्या डाव्या हाताशी सरकवला.

"आज काय सांगितलं?" शिंपिणीने विचारलं.

"क्षमा करा म्हणाले."

"एवढंच?"

"तेवढंच होतं. बाकी उकाडा होता."

"आणि माझं नाव?"

"घेतलं. म्हटलं मी."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. आता गोळी घे, मग नीज."

शिंपिणीने गोळी घेतली. इस्त्रीवालीने पेला विसळून पालथा घातला, दार ओढून घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत घरी गेली.