दीपमालाचं बुडालेलं आजोळ

माझी विद्यार्थिनी दीपमाला २००७ साली नाशिकच्या एका कंपनीत नकाशांचं काम करायची. ती प्रत्येक गावाच्या नावाला त्याची जागा, विहीर, शाळा अशी जोडून द्यायची, की संगणकाला त्यांचं नातं आपोआप कळावं. नकाशावर धरणाच्या पाण्यात दिसेल ते गाव उठलेलं, म्हणजे तिथे आता कुणी राहत नाही, असं धरायचं, हा नियमही तिचाच.

तिचं आजोळ इगतपुरीकडचं. धरण झालं तेव्हा तिथले लोक गावाचं नाव घेऊनच वर माळावर राहायला गेले. संगणकात मात्र ते नाव जुन्याच जागी, पाण्याखाली राहिलं. साहेबांनी विचारलं, "हे गाव कुणाच्या ओळखीचं?" धरणग्रस्तांची म्हणून कुणी हिणवेल, या भीतीने ती गप्प बसली.

त्या उन्हाळ्यात टँकर त्याच नकाशावरून सुटले. माळावर एकही आला नाही.

ती माळावर गेली तेव्हा तिथेच राहणारी मालनमावशी हसून म्हणाली, "ये बाई. आम्ही बुडालो म्हनं."

"मावशी, मला ठाऊक होतं. मी बोलले नाही."

मावशीने दरीतून डोक्यावर आणलेल्या पाण्याचा तांब्या पुढे केला. दीपमालाला तो तोंडाला लावता येईना.

"पी. आन् जाऊन सांग, आम्ही हाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांना "ते माझं आजोळ. लोक वर माळावर आहेत" एवढं सांगताना तिची मान वर झाली नाही.