कापूस घरात असेपर्यंत

मावशी लग्नाला निघाली की तिच्या पिशवीत आहेराच्या साडीखाली गॅसचा रेग्युलेटर असायचा. सिलिंडरवरून काढून, फडक्यात गुंडाळून ती तो सोबत घेऊन जायची. अमरावतीला राजापेठेत आमच्या समोर, भाड्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नर्सिंग शिकायला नागपूरला. आगीचं तर असं भय, की उदबत्ती विझेपर्यंत बाई देवापुढून हलायची नाही. आम्ही हसायचो, तिला त्याचं काही वाटायचं नाही.

मी तेव्हा विम्याची एजन्सी नुकतीच घेतली होती. म्हटलं, इतकी भित्री बाई म्हणजे आयतंच गिऱ्हाईक. कसलं आयतं! घरातल्या सामानाचा विमा काढायला तिनं माझ्या चपला झिजवल्या. मी भारीतली पॉलिसी काढून दाखवली, तर म्हणे, "घर मालकाचं. त्याच्या भिंतीचा हप्ता मी कायले भरू?" भिंती गेल्या. मग टीव्ही फुटला तर, मिक्सर जळला तर, ही कलमं गेली. "टीव्ही फुटला तं रेडिओ ऐकीन. आगीचा आन चोरीचा तेवढा दे, बाकी तुह्याजवळ ठेव." माझं कमिशन डोळ्यांदेखत वितळत होतं, आणि ती मला चहा पाजत होती.

लोक हप्ता वाचवायला सामानाची किंमत कमी सांगतात. मीही तिला तेच सुचवलं. पण तिनं खोदून विचारलं तेव्हा सांगावं लागलं, की अर्ध्या किमतीचा विमा काढला तर भरपाईही त्याच मापानं अर्धी येते. झालं! बाईनं कपाट, शिलाई मशीन, मुलीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी, सगळ्याची खरी किंमत लावली. मशीनची तर मी सांगितली त्याहून कमी केली, कारण म्हणे तिचा पायडल कुरकुरते. पॉलिसी हातात आली त्या दिवशी तिनं मला पुरण खाऊ घातलं. तिच्या तोंडावर इतका निवांतपणा मी पहिल्यांदाच पाहिला.

तो दिवाळीपर्यंतच टिकला. दिवाळीनंतर मूर्तिजापूरकडच्या गावाहून तिचा धाकटा भाऊ बापू गाडीभर कापूस घेऊन दारात उभा राहिला. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात हे घरोघरी होतं. भाव पडलेला, खरेदी केंद्रं सुरू व्हायचा पत्ता नाही, म्हणून लोक राहत्या घरात कापूस भरायचे आणि भावाची वाट पाहत त्याच्यावरच झोपायचे. बापूचं गावचं घर गळत होतं. मावशीनं एका शब्दानं विचारलं नाही. समोरची खोली आढ्यापर्यंत भरली आणि बापू त्या ढिगावर पथारी टाकून राहू लागला.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की घरात कापूस आहे हे कंपनीला कळलं तर विमा गेला, तेव्हा गप्प राहा. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कपाट, मशीन, भांडी, सगळं शेजारच्या ट्रंकावाल्या रहीमचाचांच्या घरी! कापसाजवळ माझं सामान नको, ही तिची अक्कल. माझं डोकंच फिरलं. "मावशी, विमा या घरातल्या सामानाचा आहे. सामान चाचांकडं, इथं कापूस. आता विमा कशाचा उरला, तुमच्या झाडूचा?"

रहीमचाचा दारातच उभे होते. तेही हळूच म्हणाले, "बहेन, भाईको बोलो, बेच दे. आज नहीं तो कल बेचना ही है."

चाचा गेल्यावर मावशी दार लोटून म्हणाली, "बापूच्या शेजारचा गडी गेला मागच्या महिन्यात. सकाळी ह्याच्यासंग चहा पेला, आन दुपारी फवाऱ्याचं औषध पिऊन गेला. तवापासून बापू धड जेवत नाई. कापूस इथं हाये तोवर हा इथून हालत नाई. डोयासमोर जेवते, डोयासमोर झोपते. कंपनीले खरं लिहून टाक. गेला विमा तं जाऊ दे."

लिहिलं. विमा गेला.

त्यानंतरचे महिने त्या बाईनं कसे काढले ते मी समोरून पाहिलं. स्वयंपाक मागच्या अंगणात, तोही चुलीपाशी पाण्याची घागर ठेवून. बापूला विडीची सवय. तिनं त्याला सोडायला सांगितली नाही, तो ओढायला रस्त्यावर गेला की ही फाटकाशी उभी. थोटूक नालीत पडलेलं पाहिल्याशिवाय आत यायची नाही. कधी वाटायचं, थोटकावर तिचं लक्षच नाही, तो परत येतो की नाही एवढंच ती पाहते आहे. होळीच्या संध्याकाळी चौकात ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा ती भरलेली बादली घेऊन दारात बसली. मी म्हटलं, मी बसतो, तुम्ही जेवून घ्या. ऐकलं नाही. मला राग आला होता बापूचा. सांगून टाकतो, म्हटलं मनात, धड माणसासारखा कापूस विक आणि मोकळं कर तिला. पण बापूला काही बोलायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती.

पाडव्याच्या सुमारास बापूनं कापूस विकला. जाताना चांगला हसत गेला, अंगानंही भरला होता. मावशीनं खोली धुतली आणि दोन दिवस झोपून काढले. विमा मात्र तिनं पुन्हा काढला नाही. मी विषय काढला की म्हणायची, "राहू दे. झालं माहं काम."

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला बापू भेटला, डोकं पांढरं झालेलं, नातवंडं सोबत. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. मी सहज म्हणालो, त्या वर्षी भाव फार उशिरा आला, मावशीचे फार हाल झाले.

बापूनं नातवंडांना आत पाठवलं. "भाव तं संक्रांतीलेच आला होता," म्हणाला. "मी बहिणीले सांगितलं नाई. मले घरी जायाचं भेव वाटे."