पूजेत बसलेला टेस्टर

बसवनगुडीत मोटारींचं वायरिंग करणारे पुष्कळ होते, पण ‘त्रिविक्रमअण्णांच्या हातची वायर’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, दुकानात कन्नड. तीस वर्षांत टेस्टरचा दिवा लावून तपासल्याशिवाय अण्णांनी एकही वायर टेपात गुंडाळली नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती, आणि ती ते दिवसातून दोनदा लोकांना ऐकवत.

शहाण्णव साली नवरात्रात वकील नरसिंहरावांनी आपल्या फियाटमध्ये नवा कॅसेट डेक आणि डिकीत अँप्लिफायर बसवून घेतला. दसरा झाला आणि गाडी सकाळी सुरू होईना. रोज धक्का. नवी बॅटरी आणली, तीही आठवड्यात बसली.

"राव, माझ्या वायरीत खोट नाही," अण्णा म्हणाले. "तुमचा दत्ता गाडी उभी करून गाणी ऐकत बसतो, दुसरं काय!"

दत्ता बारा वर्षं रावांची गाडी चालवत होता. "अण्णा, देवाशपथ, मी डेकला बोट लावलं नाही," तो कळवळून म्हणाला. पण अण्णांच्या शब्दापुढे ड्रायव्हरची शपथ कोण ऐकतो?

अण्णांनीच तोडगा काढला. बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी एक रात्र त्यांच्या शेडमध्ये, कुलपात, चावी त्यांच्याकडे. सकाळी झटक्यात सुरू झाली, तर गुन्हेगार दत्ता. "सरी, ठीक आहे," राव म्हणाले, "तसं ठरलं, तर उद्यापासून त्यानं येऊ नये."

चावी उशाखाली ठेवून अण्णा गाढ झोपले. सकाळी लवकर शेड उघडून त्यांनी ती फिरवली. नुसतं ‘कट्’ झालं.

 रात्रभर गाडीला माणूस शिवला नव्हता! त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची एक केबल सोडवली आणि मध्ये टेस्टर लावला. गाडीतलं सगळं बंद, तरी दिवा मंद पेटला. एकेक फ्यूज काढला. दिवा जळतोच आहे. शेवटी अँप्लिफायरचा फ्यूज काढला, तेव्हा कुठे तो विझला.

डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी टेप उलगडली. डेकबरोबर अँप्लिफायर चालू-बंद करणारी बारीक वायर डेकला जोडायची. ती बॅटरीच्या कायम जिवंत वायरीला पिळलेली होती; म्हणजे अँप्लिफायर रात्रंदिवस चालूच. पिळली होती तीही पक्कड न वापरता, नुसत्या बोटांनी.

टेस्टरच्या मुठीवर वाळलेलं कुंकू होतं. ते पाहिलं आणि अण्णांना सगळं आठवलं. खंडेनवमीची सकाळ, हत्यारं पूजेत मांडलेली. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि राव गाडीच्या पूजेसाठी खोळंबलेले. एकच वायर उरली होती. तपासायची कशानं? मग ‘माझा हात चुकतो का कधी’ म्हणून जोडली आणि विसरले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण!

बाहेर राव आणि दत्ता आले. दत्ताच्या हातात घडी घातलेला खाकी गणवेश होता. परत करायलाच आणलेला. वायर अजून अण्णांच्या चिमटीत होती. हळूच डेकला जोडून टाकली असती, तर कुणाला कळलं नसतं.

"काय अण्णा, झाली ना सुरू?" रावांनी विचारलं.

"नाही झाली, राव. चूक माझी आहे. दत्ताला मी फुकट बदनाम केलं."

राव आ वासून बघतच राहिले.  गणवेश टपावर ठेवून दत्ता सवयीनं मागे गेला आणि धक्का द्यायला डिकीला दोन्ही हात लावून उभा राहिला. अण्णांनीही शेजारी जाऊन डिकीला हात लावले. पण त्याच्याकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.