पुंडलिक भोईरचं मत

खारीगावात पुंडलिक भोईरला कुणी पिक्चर कसा होता म्हणून विचारत नसे. विचारलं तर तो सांगायला बसे, आणि तो सांगायला बसला की समोरच्याचा चहा गार होई. लोकांना पिक्चर बघून दोन शब्द पुरतात, एक तर मस्त नाहीतर टाइमपास. पुंडलिक त्यातून भांडण उकरून काढायचा. मेहुण्याच्या पोराच्या हळदीत त्याने एका सुपरहिरोवरून नवरदेवाच्या मित्रांशी अशी हुज्जत घातली, की नाचणारी माणसं नाच सोडून इकडे बघायला आली.

"ज्याला मरनच न्हाय," तो त्या पोरांना म्हणाला, "त्याच्या जिवाला घोर लावून मी काय करू? आख्खं शहर पडतं, याच्या केसाचा भांग मोडत न्हाय."

पोरं हसली. पुंडलिक हसला नाही. मताच्या बाबतीत त्याला चेष्टा खपत नसे.

त्याचा जीव होता तो भुताच्या पिक्चरवर, आणि त्यातही गरीब भुताच्या. चार मित्रांनी उसना कॅमेरा आणून एखाद्या घरात काढलेले, नटांची नावं कुणाला ठाऊक नसलेले, कुठल्या कुठल्या देशांतले पिक्चर. मोठ्या कंपनीच्या भुताला तो भूत मानायचाच नाही. "कॉम्प्युटरातून आलेलं भूत म्हंजे लायटीचं बिल," असं तो म्हणे, आणि वीज कंपनीत लाइनमन म्हणून जन्म काढल्यामुळे बिलाविषयी त्याला अधिकारवाणीने बोलता येई. "ज्याच्याकडे पैसं न्हायत तो फक्त दार दाखवतो. दारामागचं दाखवायला त्याला परवडत न्हाय. भीती तिथंच हाय." लहानपणी तो भर दुपारी बापाची भाकरी घेऊन मिठागरावर जायचा. नजर पोचेल तिथवर पांढरं सपाट, चिटपाखरू नाही, आणि तरी मधेच थांबून मागे वळून बघावंसं वाटे. तसं का वाटे हे त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. या गरीब पिक्चरवाल्यांना ते माहीत होतं, एवढंच त्याचं म्हणणं.

गाण्यांचे जलसे शूट करून थिएटरात दाखवतात, त्या पिक्चरांचं तर नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरे. "जेवायचं दुसऱ्यानं आन ढेकर आपन द्यायची."

हे सगळं ऐकून घेणारं आणि वर उलट बोलणारं माणूस जगात एकच होतं, त्याची मुलगी हेमांगी. शाळेत असल्यापासून तो तिला पिक्चरला न्यायचा. आई, म्हणजे द्वारका, म्हणायची, पोरीला भुतं दाखवून येडी करशील. पोरगी येडी झाली नाही, वकिलासारखी झाली. कारण पिक्चर सुटला की दोघं जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीकडे तोंड करून बसत, भजी घेत, आणि मग फैसला होई. त्याला एकच नियम होता. दोघांनी एका बाजूला जायचं नाही. एकाने चांगला म्हटलं की दुसऱ्याने वाईट म्हणायचं, पटो न पटो, आणि शेवटपर्यंत लढायचं. एकमत करायचं तर भजी कशाला, घरीच गेलो असतो, असं पुंडलिक म्हणे. हेमांगी लग्न होऊन जेसल पार्कातच राहायला गेली तरी रविवार काही सुटला नाही. तिचा नवरा अभिनव स्कूटरवर बसून या बापलेकीचं भांडण संपायची वाट बघायचा.

मग दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी आंघोळ करताना पुंडलिकच्या हातातला तांब्या पडला, आणि तो उचलायला वाकलेला पुंडलिक स्वतः उठला नाही. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि बोलणं सगळं गेलं. अक्षरंही गेली. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या उठत. कितीतरी दिवसांनी घशातून पहिला शब्द आला तो "बरोबर". पुढचाही तोच. त्याच्याही पुढचा तोच.

डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं. त्यांना सगळं कळतंय, बोलणं परत येईल किंवा येणार नाही. मात्र बीपी वाढता कामा नये. टेन्शन नको, धक्का नको, वाद घालू नका. भोईरांच्या घरात आजवर डॉक्टरचं कुणी एवढं ऐकलं नसेल. हे मात्र सगळ्यांनी अक्षरशः ऐकलं, आणि तिथून पुंडलिकचे खरे हाल सुरू झाले.

द्वारका विचारी, "कालवन तिखट झालं काय?" तो म्हणे, बरोबर. "का अलनी झालं?" बरोबर. तो मान हलवून नाही म्हणायला जाई, तेवढ्यात तोंडातून तो मेला शब्द सुटे, आणि माणसं मानेपेक्षा तोंडावर विश्वास ठेवतात. ज्या शेजाऱ्यांनी त्याला बघून रस्ता बदलला होता ते आता येऊन तास तास बसू लागले. पुंडलिकमामा किती शांत झाले, दुखण्याने माणूस सुधारतो, असं त्याच्या तोंडावर म्हणू लागले. आयुष्यभर त्याने खोडून काढलेली मतं घेऊन ते यायचे, आणि तो एकेकावर शिक्का मारल्यासारखा बरोबर म्हणायचा. ते गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडायचा. द्वारकाला वाटे, माणसं भेटून गेली की यांना भरून येतं.

अभिनव स्वभावाने सरळ आणि सुपरहिरोंचा भक्त. सासऱ्याच्या एकटेपणावर काहीतरी करावं म्हणून त्याने टीव्हीवर एक सुपरहिरोचा पिक्चर लावून दिला.

"आवडला ना, बाबा?"

"बरोबर."

अभिनवला इतका आनंद झाला की त्याने त्या सगळ्या मालिकेची सोय करून टाकली. मग रोज दुपारी पुंडलिकच्या समोर शहरं पडू लागली आणि भांग शाबूत राहू लागले. डोळे मिटले तर घरच्यांना वाटे, समाधानाने झोपलेत. एकदा त्याने डाव्या हाताने रिमोट भिरकावला. तेव्हा डॉक्टरांना फोन झाला आणि संध्याकाळच्या गोळ्यांत एक गोळी वाढली. त्यानंतर त्याने काही भिरकावलं नाही.

हे सगळं त्याने सोसलं असतं. हेमांगीचं वागणं मात्र सोसवेना. ती रविवारी यायची, उशाशी बसायची, त्याचा हात हातात घ्यायची. भुताचे पिक्चर तिने बंद करून टाकले होते, कारण धक्का नको. "बाबा, परवा एक पिक्चर बघितला. चांगला होता," ती हळू आवाजात म्हणायची. तो म्हणायचा, बरोबर. आणि ती हसून त्याचं पांघरूण नीट करायची. ज्या मुलीने त्याच्याशी एका दाराच्या करकरीवरून खाडीचं पाणी ओसरेपर्यंत भांडण केलं होतं, ती आता त्याच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तशी बोलत होती. आपण मेलोय आणि हे कुणी आपल्याला सांगत नाहीये, असं त्याला वाटू लागलं. त्याला बाकी काही परत नको होतं, ना हात, ना पाय. मरायच्या आधी एकदा तिला विरोध करायचा होता, म्हणजे तिला कळलं असतं की बाप आत आहे.

उन्हाळ्यात हेमांगीने ठरवलं की बाबांना बाहेर न्यायचं. मीरा रोडच्या मॉलमध्ये एका मराठी बँडच्या जलशाचा पिक्चर लागला होता. भीती नाही, मारामारी नाही, नुसती गाणी. चालेल ना? बरोबर, पुंडलिक म्हणाला, आणि व्हीलचेअरमधून त्याची वरात ढेकर द्यायला निघाली.

थिएटरात पोरंपोरी उभी राहून पडद्याबरोबर गात होती. पुंडलिक मनातल्या मनात एकेक गोष्ट फाडत होता. कॅमेरा गाणाऱ्याच्या तोंडावर का टिकत नाही, आणि मधेच ही रडणारी पोरगी कोण? पण एका गाण्याचं ध्रुवपद काही संपेना. "थांब जरा, थांब जरा, वाट अजून बाकी गं." दहा वेळा झालं, अकराव्यांदा सुरू झालं, आणि पुंडलिकच्या लक्षात आलं की आपलं तोंड हलतंय. नुसतं हलत नव्हतं, त्यातून शब्द येत होते. थांब, जरा, वाट. चालीच्या पाठीवर बसून धडधाकट शब्द बाहेर पडत होते. शेजारी द्वारकाने त्याचं मनगट गच्च धरलं. हेमांगी अंधारात त्याच्याकडे वळून बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

बाहेर येताच ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, बोल. काहीही बोल. कसा होता पिक्चर?"

त्याने सगळा जीव एकवटला.

"बरोबर," तो म्हणाला.

पुढे जे झालं ते कुणाच्याही वाट्याला न येवो. पुंडलिकमामा गातात ही बातमी खारीगावात पसरली. येईल त्याच्यासमोर द्वारका मोबाइलवर ते गाणं लावी आणि पुंडलिक गाई, आणि लोक टाळ्या वाजवत. जलशाच्या पिक्चरला शिव्या घालणाऱ्या माणसाचा त्याच्याच ओटीवर रोज जलसा होऊ लागला. तो गायचा, कारण गाणं त्याला हवं होतं. एका वाटेने शब्द येतात हे त्याला कळलं होतं. आता त्या वाटेवर दुसऱ्याचा शब्द बाजूला सारून स्वतःचा एक चढवायचा होता. द्वारका अंगावर पाणी ओतत असताना तो चाल धरायचा आणि "थांब"च्या जागी दुसरं काही घालायला धडपडायचा. घशाच्या शिरा तटतटायच्या. "आता पुरे झालं गानं," द्वारका म्हणायची. "दमाल न्हायतर." तिच्या तोंडी दिवसातून शंभरदा येणारा तो "न्हाय" त्याने संसारभर ऐकला होता. तोच त्याने धरला, आणि रोज त्या चालीवर चढवत राहिला, आणि तो रोज घसरत राहिला.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी हेमांगी त्याला आणि द्वारकाला जेसल पार्कच्या चौपाटीवर घेऊन आली. भजी घेतली. त्याच्यासाठी बिनमिरचीची होती, तिने तुकडे करून दिले. खाडीकडे बघत ती म्हणाली, "बाबा, तुला राग आला असता पूर्वी, पण सांगते. तो गाण्यांचा पिक्चर माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी पिक्चर आहे."

पुंडलिकने डोळे मिटले. हुंकार भरून चाल धरली, आणि थांब जरा म्हणायच्या जागी त्याच सुरावर म्हणाला, "बरोबर... न्हाय."

हेमांगीच्या हातातला भजीचा कागद बाकावर पडला. "काय म्हणालास?"

"बरोबर न्हाय." या वेळी चाल निम्मीच लागली.

"बाबा." ती त्याच्याकडे पुरती वळली. "आणि ते अभिनवने लावलेले? ते सुपरहिरो?"

"बरोबर न्हाय."

"तू रोज बघायचास. आम्ही विचारायचो तेव्हा..." ती बोलता बोलता थांबली. एका वर्षाची सगळी बरोबर तिच्या डोळ्यांसमोरून उलटी होऊन जात असावीत. "मी भुतांचे बंद केले ते? तुझ्याशी भांडले नाही ते?"

"बरोबर न्हाय. बरोबर न्हाय." आता चालही लागत नव्हती. शब्द आपसूक येत होते आणि पुंडलिकला आभाळ ठेंगणं झालं होतं.

द्वारका हे सगळं ऐकत बाकाच्या कडेला बसली होती. वर्षभर तिने त्याला उठवलं होतं, बसवलं होतं, धुतलं होतं, भरवलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "पिक्चरचं मरू दे. आमी तुमचं केलं, ते तरी नीट केलं ना?"

पुंडलिकने तिच्याकडे बघितलं. याचं उत्तर त्याच्याकडे होतं. वर्षभर तोंडात दुसरं काही नव्हतंच, नको तिथे शेकडो वेळा सांडलेला तोच एक शब्द आता तिला द्यायचा होता. त्याने डावा हात तिच्या हातावर ठेवला आणि तोंड उघडलं.

"बरोबर न्हाय."

तो दचकला. घाईने पुन्हा बोलला, आणि पुन्हा तेच आलं. शेवटचा तो "न्हाय" तोडायला त्याने जीभ दाताखाली धरली, तरी आलं. द्वारकाने पदर तोंडावर घेतला आणि ती पलीकडे वळली. पुंडलिकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

हेमांगी उठून दोघांच्या मधे उभी राहिली. तिने बापाच्या डोळ्यांत बघितलं, आणि वर्षभरात काढला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ती त्याच्यावर ओरडली.

"खोटं बोलतोस, बाबा. साफ खोटं. आईने तुझं केलं तसं कुणी कुणाचं करत नाही. रात्री किती वेळा उठायची ती, तुला माहितीये. पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिने तुझ्या."

"बरोबर न्हाय," तो रडत म्हणाला.

"आहे बरोबर. हॉस्पिटलमधली नर्स काय म्हणाली होती, आठव. तुझ्या पायाला मालिश करून करून तिचे स्वतःचे हात सुजले, तरी एक दिवस चुकवला नाही."

"बरोबर न्हाय."

"आहे. मी सोडणार नाही, बाबा. तू बोल, किती बोलायचं ते."

फिरायला आलेली माणसं थबकून बघू लागली. म्हाताऱ्या आजारी बापावर ही बाई काय खेकसतेय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हेमांगी आईच्या बाजूने एकेक गोष्ट काढत राहिली आणि तिचा बाप, मान होकारार्थी हलवत, डोळे पुसत, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत राहिला. कितव्या तरी वेळी द्वारकाने तोंडावरचा पदर खाली घेतला. ती त्याच्याजवळ सरकली, भजीचा एक तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडात घातला, पुढचं काही यायच्या आत.