डोल्माबाईंचं खरं बोलणं

अनोळखी माणसाच्या स्वेटरची बाही आधी दोन बोटांत चुरडून बघायची आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायचं, अशी डोल्माबाईंची रीत होती. माझीही बाही त्यांनी अशीच धरली होती. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मुलाकडे येऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका मोठ्या दुकानाबाहेर मी सुनेची वाट बघत कुडकुडत उभी होते. चपट्या नाकाच्या, गोऱ्या, सुरकुतलेल्या एक बाई आल्या, बाही चुरडली आणि म्हणाल्या, "काहून व बाई, हे तं निरं प्लास्टिक हाय. यानं का थंडी थांबते?"

मला वाटलं, थंडीनं माझं डोकं फिरलं! मी नागपूरची. ही भाषा माझ्या कानाला घरची. पण ती या चेहऱ्यातून? मग कळलं ते असं. गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावाजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. आईवडील तिबेट सोडून पळाले ते तिथं येऊन राहिले आणि डोल्माबाई तिथंच जन्मल्या. हिवाळा आला की नागपुरात रस्त्याकडेला स्वेटर विकायच्या. पुढे मुलगी न्यूझीलंडला आली, तिच्यामागे त्याही आल्या. काही वर्षं दुधाच्या कारखान्यात साफसफाई केली. मला म्हणायच्या, "भंडाऱ्याचा तांदूळ खाऊन वाढली मी ताई, पन देश इचारला तं सांगाले काईच नाही."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. म्हणून म्हटलं, ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगावं.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. इथल्या पार्लमेंटनं तिबेटी माणसांच्या हक्कांसाठी ठराव करावा. तिथल्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकू द्या, देवाचं नाव घेतलं म्हणून कुणाला उचलून नेऊ नका, एवढं या देशानं सभागृहात उभं राहून म्हणावं. त्यासाठी त्या सह्या गोळा करत. आमच्या बौद्ध मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या मीच मिळवून दिल्या.

मग बुद्धपौर्णिमेला आमच्या मंडळानं इथल्या खासदारांना पाहुणे म्हणून बोलावलं. सज्जन माणूस. डोल्माबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत छानच, "मी बघतो." झालं! आमची मंडळी खूश. आपल्याकडे बघतो म्हणणाऱ्याचा सत्कार करायचा असतोच. लगेच शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. खासदार नारळ कानाशी हलवून बघत होते. डोल्माबाई माझ्या कानाशी लागल्या, "काय व ताई, गिऱ्हाइकानं नुसता भाव इचारला, अन् तुमी स्वेटर इकल्याचे पेढे वाटून रायल्या!"

आणि तरी त्यांनीही पांढरा रेशमी खाता, तिबेटी लोकांचा मानाचा शेला, खासदारांच्या गळ्यात घातलाच. मी म्हटलं, "आता तुम्हीपण का हो?"

"हा पाहुन्याचा हाय जी. येनाऱ्याले घालतो, जानाऱ्याले घालतो. कामाचा नोय तो."

त्यांचंच खरं झालं. सत्कार झाला म्हणजे काम झालं असं आम्हाला वाटलं आणि खासदारांनाही बहुतेक तसंच वाटलं असावं. सगळं थंडावलं. मग डोल्माबाई त्यांच्या ऑफिसात जायला लागल्या, दर आठवड्याला, डबाभर झणझणीत तर्रीपोहे घेऊन. तिथल्या सेक्रेटरीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण डबा रिकामा व्हायचा. एकदा मी बरोबर होते. खासदार समोर येताच इथल्या पद्धतीचा नमस्कार करून म्हणाल्या, "किया ओरा! शॉल केम. वर्क नॉट केम." तो भला माणूस कानापर्यंत लाल झाला. पुढे सह्यांचा अर्ज त्यांनी स्वतः पार्लमेंटमध्ये मांडला आणि समितीपुढे बोलायला डोल्माबाईंना वेलिंग्टनचं बोलावणं आलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांची थोरली बहीण अजून तिबेटात आहे. पळताना आईवडिलांना एवढं लहान पोर बरोबर नेता येईना, तिला आजीजवळ ठेवलं. या दोघी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. फक्त रविवारचा फोन होता. आणि इकडे कुणी उघडपणे बोललं की तिकडच्या नातेवाइकांच्या दारी पोलीस जातात, फोन बंद होतात, असं त्यांनी ओळखीच्यांकडून किती वेळा ऐकलं होतं.

मी घाबरले. समितीनं स्वतःच सांगितलं होतं की हवं तर नाव गुप्त ठेवू. मी म्हटलं, "डोल्माबाई, गुप्तच बोला. बोलणं तर तेवढंच पोचेल ना."

त्यांनी पोळपाटावरचं पीठ गोळा केलं. मग म्हणाल्या, "तिचं नाव नाही घेनार. तिच्या गावाचं नाही घेनार. माहं घेईन. बिननावाच्या मानसाचं दुखनं कोनाले दुखते व?"

वेलिंग्टनला मी त्यांच्या मागे बसले होते. मोडक्या इंग्रजीत त्यांनी आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग बापाचं. एका सभासदानं, अगदी आदरानं, विचारलं की आमच्यासारख्या छोट्या देशाच्या ठरावानं तिथं काय बदलणार? त्या हसल्या. म्हणाल्या, मी स्वेटर विकायची, तेव्हा बायका विचारायच्या, यानं थंडी जाईल का? मी सांगायची, थंडी नाही जाणार, पण तुम्ही थंडीत उभ्या राहाल. बाहेर पडताना त्यांनी एकेकाच्या गळ्यात खाता घातला, तेव्हा तो सभासद उठून उभा राहिला.

ठराव अजून झालेला नाही. समितीनं चांगलं लिहिलं, सभागृहात दोघे-तिघे त्यावर बोललेही. होईल तेव्हा होईल.

वेलिंग्टनहून परतलो त्या रविवारी बहिणीचा फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. शेवटी विचारलंच, "वाईट वाटतंय का हो, नाव सांगितल्याचं?"

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"फोन येत होता तवा तरी आमी कुठं बोलत होतो व ताई? पाऊस पडला का, जव पिकलं का, गाय याली का, बस. कोनी आयकंल म्हनून दोघीबी भ्यायच्या. सारी जिंदगी मी तिच्याशी खोटंच बोलली." त्यांनी स्वतःचा कप भरला. "त्या दिशी तेवढं खरं बोलली. तिले आयकू आलं का नाही, मालूम नाही."