दिवाणखान्यातली चूल

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लसूण सोलला, आणि तोही भांडत.

सकाळची न्याहारी झालेली. ती खिडकीत सूप घेऊन बसलेली, समोर मी. माझी एक पाकळी तिनं सुपातनं उचलली आणि परत माझ्याच पुढ्यात टाकली.

"ह्येला साल तसंच हाय."

"जन्मभर भिंती बांधल्या," मी म्हटलं, "त्यात कुणी खोट काढली न्हाय, आणि तू लसणात काढतीस!"

"कुणी काढली न्हाय? मी काढली की! सगळ्या शहापूरनं बघितली."

मी गप्प बसलो. (ह्या घरातली भांडणं अशीच संपायची. कोण गप्प बसतंय एवढंच बघायचं, आणि ते बघायचीही गरज नव्हती.) मग ती म्हणाली, जरा पडते. पडली ती पडलीच. दुपारपर्यंत सगळं आटपलं.

आता लोक येऊन बसतात आणि सांगतात, "सवाष्ण गेली, सोनं झालं." एवढं सोनं आहे तर घेऊन जा म्हणावं! त्यांचं ऐकण्यापेक्षा ती शहापूरनं बघितलेली खोट कसली, ते लिहितो. हसायचं तर हसा. ती असती तर तिनंच सांगितलं असतं, आणि मला आणखी गाढव करून सांगितलं असतं.

मी गवंडी. शाळा दुसरीपर्यंत, पुढं मास्तरला माझा कंटाळा आला आणि मला मास्तरचा. कॅम्पात गोऱ्या साहेबांचे बंगले बांधायला जायचो. साहेबाचा बंगला म्हणजे राहायला माणसं दोन आणि पळापळ करायला खोल्या बारा! पुढच्या खोलीत भिंतीतच शेकोटी, तिच्यावर कौलाबाहेर काढलेलं उंच धुराडं. बेळगावच्या थंडीला घाबरणारा माणूस एवढ्या मुलखावर राज्य कसा करतो, हे मला कधी कळलं नाही. पण शेकोटी मात्र डोक्यात बसली.

म्हणून शहापुरात स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा पुढची सगळी जागा मी दिवाणखान्याला दिली. गल्लीकडं माणूसभर उंच खिडकी, तिला हिरव्या-तांबड्या काचा. भिंतीत साहेबासारखी शेकोटी आणि वर धुराडं. तिथं जाळ कधी पेटवायचा नव्हता. शोभेला! आणि स्वयंपाकघर? ते मागं. मागच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत चिकटलेली, म्हणजे खिडकी नाही, धुराडं नाही. स्वयंपाकघराला लागतं काय? एक दार. बाई आत जाते, जेवण बाहेर येतं.

काशव्वा, म्हणजे माझी बायको, पाया भरत होता तेव्हाच येऊन उभी राहिली.

"अवो, चुलीपाशी एक खिडकी ठेवा. हातभर असली तरी चालंल."

"मागं भिंत हाय दुसऱ्याची."

"मग चूल म्होरं आणा."

"चूल रस्त्यावरनं दिसू नये!" मी ओरडलोच. "घराची अब्रू असती ती. आज काय शिजलं, काय न्हाय, गल्लीला कशाला कळाया पायजे?"

"आणि तुमी दिवाणखान्यात तोंड उघडं टाकून घोरताय, ते कळलं तर चालतंय?"

मी थापी आपटली. मग ती जरा हळू बोलली. "माझी आई निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखूचा खकाणा खायची, आणि घरी आली की चुलीचा धूर. डोळं गेलं तिचं. मला हाक मारायची ती तोंडावरनं हात फिरवून, मी हाय का दुसरी कोन ते बघायला. मला तसं चाचपत बसायचं न्हाय वो."

"काशे, गवंडी कोन? तू का मी?"

"तुमी."

"मग झालं!"

आणि घर झालं. परांची उतरवायची राहिली होती, तिचे उरलेले बांबू आणि सुंभाची भेंडोळी दारातच पडलेली. पण मुहूर्त गाठायचा म्हणून वास्तुशांत उरकून घेतली. नव्या घराला नजर लागू नये म्हणून धुराड्याच्या तोंडावर मी स्वतः एक काळं मडकं पालथं घातलं. सगळ्यात उंच जागा तीच, नजर पहिली तिथंच लागणार!

जेवायला भटजी, वडगावचे पाहुणे आणि आमच्या भागाचे म्युनिसिपालटीचे मेंबर. मेंबरना मुद्दाम बोलावलं होतं, घर बघून खूश झाले तर एखादं सरकारी काम पदरात टाकतील म्हणून. खिडकी मी लावूनच घेतली होती. उघडली तर रंगीत काचा दिसणार कशा? मेंबरांच्या टकलावर हिरवा उजेड पडला होता. बोलायची कुणाची छाती नाही.

आत काशव्वा आणि तिची जाऊ पुरणाच्या पोळ्या करत होत्या. जळण मी दिलेलं. विकतचं कशाला आणायचं? कामावरच्या जुन्या फळ्या होत्या की, चुन्याच्या चिखलात मुरलेल्या! त्या फळ्या पेटल्या नाहीत, नुसत्या चिडल्या. असा धूर निघाला की बास. स्वयंपाकघराला वाट एकच, दिवाणखान्याकडं. दिवाणखान्याची खिडकी बंद. धुराडं होतं, पण त्याच्या तोंडावर माझं मडकं!

पहिले भटजी बाहेर धावले, उपरण्यानं डोळे पुशीत. मग वडगावचे पाहुणे, छाती बडवीत. मग मेंबर. त्यांना दिसत काहीच नव्हतं, त्यांनी जो हाताला लागला त्याच्या गळ्यात मिठी मारली. तो मी होतो. आम्ही दोघं पायरीवर एकमेकांना धरून ढसाढसा पाणी गाळतोय!

समोरच्या घरातली गंगाक्का हे दारातनं बघत होती. तिनं हंबरडा फोडला. "अय्यय्यो! गवंड्याच्या घरात कोन गेलं गं!"

"पुरुष समदे बाहेर हायत. बायकूच गेली आसंल!"

"काशव्वा? सकाळी तर पाटावर बसलीती गं!"

आमच्या गल्लीची रीत अशी, की मढं उचलेपर्यंत शेजारपाजारी चूल पेटत नाही. गंगाक्कानं आत पळत जाऊन चुलीवर तांब्या ओतला. तिचं बघून पलीकडचीनं, तिचं बघून तिच्या पलीकडचीनं. बघता बघता सगळ्या गल्लीतल्या चुली विझल्या. एकट्या आमच्या घरातलीच जोरात!

गंगाक्काचा नवरा इरण्णा. धंदा मागाचा, पण आवड तिरडी बांधायची. घरी चार सुतं धड जुळवायचा नाही, पण कुणाच्या दारात रडणं ऐकलं की ह्याच्या अंगात बळ यायचं. तो उड्या मारतच आला.

"बांबू हितंच हायत! सुंभ बी हाय! धरा रं!"

बांबू आमचे, सुंभ आमचा. मी मेंबरच्या मिठीतनं सुटून सांगायला लागलो, "अरं इरण्णा, धूर... धूर..."

"दूर? दूर न्हाय गेली रं, हितंच हाय ती," म्हणून त्यानं माझं तोंड आपल्या छातीत दाबलं. "रड. मोकळा हो."

"सोड रं! धूर—"

"रडू द्या त्याला, आडवू नका!" आणि परत दाबलं. गल्लीत मी धुरानं नाही मेलो. इरण्णाच्या सदऱ्याच्या वासानं मरत होतो.

तिरडी झाली. "मडकं?" कुणीतरी विचारलं. इरण्णानं वर बघितलं. "त्ये काय, गवंड्यानं आधीच आनून ठेवलंय!" आणि परांचीवरनं चढला की वर! मडकं उचललं मात्र, कोंडलेला सगळा धूर भस्सकन त्याच्या तोंडावर आला. इरण्णा काळा झाला, डोलला, आणि धुराड्यावरनं कौलांवर, कौलांवरनं घसरत खाली. पडला तो बरोबर तिरडीवर. उताणा.

धुराडं मोकळं झालं तशी घरातली हवा चालू झाली आणि काशव्वा दारात आली. हातात उलथनं, तोंड काजळीनं काळं, केस पिठानं पांढरे. बायका किंचाळल्या. गंगाक्का तर "भूत, भूत!" करत भिंतीला लागली. काशव्वानं सगळीकडं बघितलं. भटजी रडतायत, मेंबर रडतायत, नवरा रडतोय, आणि तिरडीवर इरण्णा. तिचे डोळे भरले.

"इरण्णा भावजी गेलं व्हय? आवो, आत्ता तर जेवायला येनार हुतं!"

"मी न्हाय गेलो," तिरडीवरनं इरण्णा बोलला. "तू गेलीयास."

तेव्हा ती जी हसायला लागली! उंबऱ्यावर बसून, पोट धरून. तिला हसताना बघून मला राग आला, आणि राग आला म्हणून खोकला आला. सगळ्यांच्या चुली विझलेल्या, त्यामुळं गल्ली आमच्याकडंच जेवली, पोळ्या गुळाच्या कमी आणि धुराच्या जास्त. मेंबर तेवढे न जेवता गेले. सरकारी कामही त्यांच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी कामावरनं आलो तर दिवाणखान्यात माझी खुर्ची नाही. साहेबी शेकोटीत मातीची चूल थापलेली, शेणानं सारवलेली. खिडकी सताड उघडी. खुर्ची मागच्या अंधारात.

"ही काय थट्टा हाय?"

"धुराडं हाय तितं चूल. तुमीच बांधलंय की. मी एक वीट तरी हालवली का?"

"आगं, चूल रस्त्यावरनं दिसतीया!"

"दिसू दे की. मला बी रस्ता दिसतोय."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, कारण ती खिडकीतनं गंगाक्काशी बोलत होती! मग गंगाक्कालाही तसंच पाहिजे झालं. मग पलीकडचीला. आणि भिंती फोडायला बोलवायचे कुणाला, तर मला. आपणच बांधलेल्या भिंतीला आपणच भोकं पाडत मी गल्लीभर फिरलो. पुरुष मागच्या खोल्यांत गेले आणि तिथनं मला शिव्या द्यायला लागले.

द्या म्हणावं. काय करत होते पुढं बसून? बापजाद्यांपासनं समोरच्या उघड्या गटारीत थुंकत होते आणि देशाचं कसं होणार म्हणून बोलत होते. गटार एकाला दिसली नाही! बायका खिडकीत आल्या आणि त्यांना लगेच दिसली. मेंबर गल्लीतनं जायला लागले की ह्या खिडकीतनं उलथनं, त्या खिडकीतनं पळी. "मेंबर, हिकडं या वो, वास घ्या जरा!" फरश्या पडल्या गटारीवर. कोपऱ्यावर कंदिलाचा खांब आला. मग भाजीवाली आत यायला लागली, कासार आला, पोरी फरशीवर सागरगोटे खेळायला लागल्या. ज्या गल्लीत तिन्हीसांजेला बाई एकटी जायला भ्यायची, तिथं घराघरातनं उजेड आणि तोंडं.

पुढं केव्हातरी एक शिकलेला इंजिनेर आला. सगळं बघून म्हणाला, "काय हवेशीर घरं! ही रचना कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

आतनं उलथनं वाजलं. एकदाच. तिचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. लसणाचं सालसुद्धा दिसायचं.

परवा तिला न्यायचं झालं तेव्हा बांबू बाहेरनं आणावे लागले. बांधायला इरण्णाच आला, म्हातारा झालाय. गाठ मारता मारता थांबला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आप्पा, ह्या खेपेला नक्की न्हवं? एकदा परत बघू का?"

"बघ," मी म्हटलं.

तो आत जाऊन बघून आला. गाठ पक्की केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. ती उघडायची तशी खिडकी उघडली. सूप तिथंच होतं. साल राहिलेली ती पाकळी घेतली आणि सोलायला बसलो. समोरच्या खिडकीत गंगाक्का.

"आप्पा, रडताय व्हय?"

"न्हाय गं. धूर लई झालाय."

गंगाक्कानं मान वाकवून आत बघितलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, आणि माझ्या पाठीमागची थंड, सारवलेली चूल तिला तिच्या जागेवरनं सगळी दिसत होती. म्हणून मी पहिल्यापासनं सांगत होतो, चूल रस्त्यावरनं दिसू नये!