चिठ्ठीवरचा पुढचा नंबर

मी हुशार आहे असं लोधिवलीत सगळे म्हणत, आणि मलाही त्याबद्दल कधी शंका आली नव्हती. पंच्याऐंशीच्या सुमारास कॉलेजात कॉम्प्युटरचा विषय घेतला तोही त्याच तोऱ्यात. दुसऱ्याच महिन्यात फळ्यावर स्टॅकचा प्रोग्राम लिहिताना मी चुकलो. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेली ताटं, शेवटी ठेवलेलं आधी काढायचं. मी मात्र ताटं संपल्यावरही काढतच सुटलो होतो. सरांनी मागच्या बाकावरच्या एकाला उठवलं. कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतला, आश्रमशाळेत शिकून आलेला, वर्षभर दोनच शर्ट आलटून पालटून घालणारा. त्यानं माझी एकच ओळ पुसली, तिथं दुसरी लिहिली आणि खडूचे हात झटकत जागेवर जाऊन बसला. प्रोग्राम बरोबर झाला. त्या दिवसापासून तो मला डोळ्यांसमोर नकोसा झाला.

पुढं लिंक्ड लिस्ट आली. सर म्हणाले, ही अशी यादी की जी सबंध कुठंच लिहिलेली नसते. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक. कुणाच्या डोक्यात शिरेना. मी हात वर केला आणि आमच्या गावचं आवतण सांगितलं. पूजा असो की मांडव घालायचा असो, यजमान एकाच घरी सांगतो. ते घर पुढच्या घराला सांगतं, ते त्याच्या पुढच्याला. सर खूश झाले. "आणि मधलं एक घर काढायचं असेल तर?" त्यांनी विचारलं. तेही मला ठाऊक होतं. एखाद्याला वाळीत टाकलं की आमच्याकडं त्याचा गाजावाजा होत नाही. अलीकडचं घर त्याचं दार टाळून थेट पलीकडच्या घरी जातं, एवढंच.

"पन सर, त्या घराला कळनार कसं?" मागून त्यानं विचारलं.

"कळायची गरजच नाही," सर म्हणाले. "ते आपल्या जागेवरच असतं. पुढच्याचा पत्ताही त्याच्याजवळ असतो. फक्त त्याच्याकडं कुणी येत नाही."

मला शाबासकी मिळाली. सरांना मात्र हौस आली. प्रॅक्टिकलचे नंबर त्यांनी याच पद्धतीनं लावले, कारण कॉम्प्युटर एकच होता आणि त्याच्या खोलीला कुलूप असायचं. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, तीवर पुढच्याचा रोल नंबर. आपला तास झाला की खोलीची किल्ली त्याच्या हातात द्यायची. शेवटच्यानं ती सरांच्या टेबलावर ठेवायची. मध्ये काय चाललंय ते सर बघणार नव्हते. वापरणाऱ्यानं आत डोकावायचं नसतं, हेच ॲबस्ट्रॅक्शन, असं ते म्हणाले. प्रोग्राम चालवून निघालेला कागद जर्नलला लागला नाही तर टर्म मिळणार नव्हती, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. माझ्या चिठ्ठीवर त्याचा नंबर होता.

मी डब्याच्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याआधी कधी बसलो नव्हतो. "तुझ्या चिठ्ठीवर कोन हाय रं?" मी विचारलं. त्यानं लगेच खिशातून काढून दाखवली, वर नाचणीची अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी माझा तास संपल्यावर किल्ली थेट त्याच्या पुढच्याला, चौक गावच्या गॅरेजवाल्याच्या मुलाला, नेऊन दिली. आपल्याला किल्ली कुणाकडून यायला हवी होती हे त्या मुलाला कळायची सोयच नव्हती.

ठाकरवाडीतला तो मात्र रोज लेक्चर सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर पायरीवर बसायचा. मांडीवर वही, वहीत पूर्ण लिहिलेला प्रोग्राम. कशेळ्याची जीप भरून निघून जायची तरी उठायचा नाही. सरांना विचार की, असं कुणीतरी त्याला म्हणालं. "बोलावनं आल्याबिगार कसं जायाचं?" तो म्हणाला. त्याच्या वाडीत ती रीतच होती, आणि मी तिच्याच भरवशावर होतो.

पंधराव्या दिवशी किल्ली सरांच्या टेबलावर पोचली. तो माझ्याकडं आला. सबंध वर्गात त्याची चिठ्ठी बघितलेला मी एकटाच.

"माज्यामुळं माज्या पुढच्याचं अडलं नाय ना रं? तुला ठाव हाय, कोन तो."

"नाही," मी म्हणालो. "त्याचं कधीच झालं."

किल्ली त्याला चुकवून कुणी नेली हे समजायला त्याला वेळ लागला नाही, स्टॅकच्या वेळीही लागला नव्हता. मी नजर वळवली.

जर्नल तपासताना सरांनी त्याला वर्गासमोर उभं केलं. पंधरा दिवस काय करत होतास, विचारलं.

"बोलावनं आलं नाय, सर."

"बोलावणं? इथं काय लग्न होतं?"

वर्ग हसला. पहिला मी हसलो. त्यानं एक बोट माझ्याकडं केलं असतं तर माझीही टर्म गेली असती, आणि ते बोट उठेल या भीतीनं मी त्याच्या हाताकडंच बघत होतो. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि वही उचलून बाहेर गेला. तो पुन्हा कॉलेजात आला नाही. मला लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा सुटलो असं वाटलं. लाज फार पुढं आली, आणि ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

परीक्षेत प्रश्न आला: यादीतला मधला एक घटक कसा वगळाल, पायऱ्या लिहा. मी पहिली पायरी लिहिली: ज्याला वगळायचं त्याच्याकडूनच आधी त्याच्या पुढच्याचा पत्ता काढून घ्यावा. मला पैकीच्या पैकी मार्क पडले.